आपोआप उडालेली बंदूक

मु. पो. खडकवस्ती, ता. पाटण
११ ऑगस्ट २०२४

ती. दादूकाकांस,
सप्रेम जयभीम.

पत्र बघून नवल वाटेल. रोशनी म्हणाली, पप्पांना आता फोनवर काहीच ऐकू येत नाही, आणि मोबाईलवर लिहायला त्यांना आवडत नाही. म्हणून कागद काढला. शिवाय विचारायचंय ते आईच्या कानावर जाता कामा नये.

मला बंदूक घ्यायची आहे.

हसू नका. गेल्या महिन्यात आई सकाळी भुईमुगात गेली आणि रानडुकरानं तिला उडवलं. मांडी फाटली. कराडला नेऊन टाके घातले, आता काठी घेऊन चालते. वनखात्याची माणसं पंचनामा करून गेली. डुकरं मात्र रोज येतात. निम्मं रान उकरून टाकलंय. माझं लग्न मोडून मी परत आल्यापासून घरात आम्ही दोघीच. सकाळी मी अंगणवाडीत जाते तेव्हा आई एकटी रानात असते, आणि माझा जीव तिकडेच असतो.

पीक राखण्यासाठीचा परवाना मला मिळालाय. डुक्कर मारायची वनखात्याची परवानगी वेगळी असते, तीही मागितलीय. कराडच्या एका दुकानात जुनी रायफल आहे, शिकारीची, स्वस्तात मिळतेय. दुकानदार म्हणतो, "ताई, एवढ्यात दुसरी मिळणार नाही." घ्यावी का?

तुम्ही साकीनाक्याच्या गाळ्यात पंचवीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्यात. आणि दुसरं कारण तुम्हाला माहीत आहेच. घरात बंदुकीचं नाव काढलं की आई भिंतीकडे तोंड करून बसते. "स्वस्तातल्या बंदुकीनं तुझा बाप खाल्ला," एवढंच म्हणते. "कुणी हात लावला न्हवता, आपोआप उडाली." बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांची होते, मला काही आठवत नाही. तुम्ही तिथे होतात.

स्वस्तातली बंदूक खरंच अशी आपोआप उडते का, काका? तुमच्याइतकं खात्रीनं मला कोण सांगणार?

तुमची,
जया

---

असल्फा, घाटकोपर
२३ ऑगस्ट २०२४

चि. जयास,
अनेक आशीर्वाद, जयभीम.

तुझं पत्र रोशनीने मेट्रोच्या जिन्यावर पोस्टमनकडून घेतलं आणि मला आणून दिलं. मालनवहिनीचं वाचून वाईट वाटलं. जखमेत पाणी जाऊ देऊ नकोस.

आता बंदुकीचं. घेऊ नकोस.

रायफल तर अजिबात नको. रायफलची गोळी मैलभर जाते. तू डुकरावर झाडशील आणि ती ओढ्यापलीकडच्या घरात शिरेल. आपल्या वस्तीसारख्या ठिकाणी फार तर एकनळी, छऱ्याची. तीही जुनी घेणार असशील तर आधी तपासायला हवी. नळी उघडून उजेडाकडे धरायची, आतून आरशासारखी दिसली पाहिजे. खड्डे असले तर परत द्यायची. मग रिकाम्या बंदुकीचा घोडा चढवायचा आणि दस्ता लाकडाच्या फळीवर आपटायचा. हलका नाही, चांगला. दहा वेळा, वीस वेळा. घोडा चढलेलाच राहिला तर बंदूक पडली तरी उडणार नाही. एकदा जरी खाली आला तर ती बंदूक घरात ठेवायची नाही.

हे मी सवयीने लिहिलं. शेठकडे कुठलीही बंदूक आली की मी पहिलं हेच करायचो. बाकीचे चिडवायचे, दादू आला, ठोकून बघतोय.

पण तू घेऊ नकोस. स्वस्तातल्या मालाचा भरवसा नसतो. चंदूला लागलेली ती अनंताची होती, तशीच असेल ही. मालनवहिनी म्हणते ते बरोबर आहे, तिचं ऐक. रानाला तारेचं कुंपण घाल. पंचायतीत विचार, सौर कुंपणाला मदत मिळते म्हणतात.

त्या दिवसाचं काय लिहू? एवढी वर्षं झाली. चंदू गेला, तू लहान होतीस. तो लगेच गेला, त्याला त्रास झाला नाही, हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

वहिनीला नमस्कार.

तुझा,
दादूकाका

---

खडकवस्ती
८ सप्टेंबर २०२४

ती. दादूकाकांस,
सप्रेम जयभीम.

तुमचं ऐकलं, रायफलचा नाद सोडला. त्याच दुकानात एक एकनळी आहे. तिची नळी उजेडाकडे धरून बघितली, स्वच्छ आहे. फळीवर ठोकायचं म्हटलं तर दुकानदार आधी घाबरला, मग म्हणाला, "तुम्हाला हे कुणी शिकवलं?" वीस वेळा ठोकली. घोडा हलला नाही.

पण पत्र त्यासाठी नाही.

अंगणवाडीतून येताना नलिनीकाकू भेटल्या. अनंतकाकांच्या. तुम्हाला माहीत आहे, त्यांच्या घराशी आमचं येणंजाणं नाही. बाबांच्या प्रकरणानंतर गावानेच त्यांच्याशी बोलणं टाकलं. मला मात्र त्या वाटेत उभ्या राहून विचारतात, आई बरी आहे का. मी बोलता बोलता फळीची गोष्ट सांगितली, तशा त्या वाटेकडेच्या दगडावर बसल्या.

म्हणाल्या, "आमची बी ठोकली हुती. कोर्टानं माणूस धाडला हुता. पंचवीस येळा ठोकली त्यानं, माझ्या डोळ्यांदेखत. घोडा हालला न्हाई. त्यानं तसं लिवून दिलं. गाव म्हणालं, अनंतानं त्याला पैसं चारलं."

चार वर्षं खटला चालला, काका. अनंतकाकांचा परवाना गेला, कारण त्यांनी बंदूक दुसऱ्याच्या हातात दिली होती. ती शिक्षा त्यांनी मुकाट्यानं घेतली. पण मरेपर्यंत एकच म्हणायचे, माझी बंदूक नीट होती.

मग मी आईला विचारलं, बंदूक पडली कशी? आई म्हणते खांद्यावरून निसटली. काकू म्हणतात, तुम्ही पोलिसांना सांगितलं की दगडाला टेकवून ठेवली होती. खरं काय?

मी चार रात्री विचार केला आणि मला एकच सुचतंय. तुम्ही बाबांना झाकताय. बाबांनी दारू घेतली होती का? झोकात त्यांनीच बंदूक ओढली आणि चापाला बोट लागलं, असं झालं का? तसं असेल तर सांगा. मी चौतीस वर्षांची आहे. दारुड्या बापाचं ओझं मला पेलेल, पण काकू बोलत होत्या तेव्हाचा त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

जया

---

असल्फा, घाटकोपर
२९ सप्टेंबर

जयाताई,

मी रोशनी. पत्र वगैरे लिहायची सवय नाही, शाळेनंतर पहिल्यांदाच लिहितेय. फोन करणार होते, पण घर एवढंसं आहे, आणि पप्पांना ऐकू येत नसलं तरी ते माझ्या तोंडाकडे बघून ओळखतात ना.

तू त्यांना काय विचारलंस गं?

तुझं दुसरं पत्र आल्यापासून ते धड जेवत नाहीत. रोज लिहायला बसतात, पानभर लिहितात आणि फाडतात. तुकडे खिशात घालून खाली उतरतात आणि नाक्यावरच्या डब्यात टाकून येतात. आपल्या टेकडीच्या पायऱ्या तुला माहितीयेत, एकशेदहा आहेत. गुडघे दुखत असताना दिवसातून दोनदा चढउतार. घरातल्या डब्यात टाका ना, म्हटलं तर हसले नुसते.

आणि एक गोष्ट आहे, ती मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. पप्पांना मेट्रो ऐकू येत नाही, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, मी कानाशी ओरडले तरी येत नाही. पण भर दुपारी, हातात चहाचा कप असतो, आणि ते एकदम दाराकडे बघतात. कुणीतरी काहीतरी विचारल्यासारखं. दारात कुणी नसतं. आणि ते उत्तर देतात. हळू बोलल्यासारखं त्यांना वाटतं, पण चाळभर ऐकू जातं. "पडली रं. पडली. घसरली."

मी लहान होते तेव्हापासून हे आहे. मम्मी होती तेव्हा ती म्हणायची, कामावरचं काहीतरी डोक्यात असतं. तेव्हा महिन्यातून एखाद्या वेळी व्हायचं. आता रोज होतंय. काल तीनदा झालं.

मला भीती वाटते यार. तू काय विचारलंस ते सांग, नाहीतर विचारलेलं मागे घे.

रोशनी

---

असल्फा, घाटकोपर
६ ऑक्टोबर २०२४

चि. जया,

हे मी फाडणार नाही. लिहिलं की रोशनीच्या हातात देणार आणि माझ्यासमोर पेटीत टाकायला लावणार.

तुझा बाप दारू प्यालेला नव्हता. चंदू आयुष्यात प्यायला नाही. त्याने त्या बंदुकीला हातसुद्धा लावला नव्हता.

मी तेव्हा मुंबईला नवीन होतो, अठ्ठावीस वर्षांचा, सुट्टीला गावी आलेलो. डुकराचं मटण खाऊन वर्षं झाली होती. अनंत तापाने पडला होता. मी त्याच्या मागे लागलो, एक दिवस दे. तो नको म्हणत होता. चंदूने शब्द टाकला म्हणून दिली. शिकार तेव्हाही बंदच होती, पण आमच्यापैकी कोण विचारतंय?

दुपारची वेळ. कार्तिकातलं ऊन. मी ओढ्याच्या अलीकडे करवंदीच्या जाळीमागे बसलो. चंदू वरून रान उठवत येणार होता आणि उजवीकडच्या पायवाटेने बाहेर पडणार होता, असं आमचं ठरलं होतं. तो डावीकडून आला. का आला, मला माहीत नाही. कदाचित डुक्कर तिकडे वळलं असेल आणि तो त्याच्या मागे असेल.

गवत हललं. उंच गवत होतं, माणूस बुडेल एवढं. माझी बंदूक खांद्याला होती. घोडा चढवलेला. आणि मला खोकला ऐकू आला.

जया, हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. पोलिसांना नाही, माझ्या बायकोला नाही. खोकला आधी ऐकू आला. बोट नंतर दाबलं गेलं. मध्ये किती वेळ होता ते मी तीस वर्षं मोजतोय. डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढा असेल. पण होता. डुक्कर खोकत नाही, हे मला ठाऊक होतं. डोक्याला ठाऊक होतं आणि बोटाने ऐकलं नाही.

मी पळत गेलो. तो पडला होता, पोटात लागलं होतं. लगेच गेला असं मी सगळ्यांना सांगितलं, ते खोटं. तो जिवंत होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कोण रं? कुणी मारली?"

बंदूक माझ्या हातात नव्हती. मी ती धावताना कुठेतरी टाकून आलो होतो. माझे हात रिकामे बघून त्याने विचारलं.

मी म्हणालो, "कुणी न्हाई रं. बंदूक पडली. दगडाला टेकवली हुती, घसरली."

तो म्हणाला, "अनंताची बंदूक भिकार." मग पाणी मागितलं. मी त्याला पाठीवर घेतलं आणि ओढ्याकडे निघालो. पाण्यापर्यंत पोचेस्तोवर तो माझ्या पाठीवर गेला.

पोलिसांना घाबरून मी खोटं बोललो असं तुला वाटेल. घाबरलो होतोच. पण पोलीस संध्याकाळी आले. त्याआधी मी ते खोटं ज्याला सांगितलं होतं तो तुझा बाप होता. तो ते खरं मानून गेला. मग मी ते बदलू कसं? बदललं असतं तर त्याच्या शेवटच्या क्षणी मी त्याला फसवलं, हे उघडं पडलं असतं. असं मी स्वतःला समजावलं. मालनवहिनीला खांद्यावरून निसटली सांगितलं की दगडावरून, ते मला आता आठवतही नाही.

अनंताने माझ्यावर कधी आरोप केला नाही. त्याला कळलं असेल का, मला माहीत नाही. खटल्यात मी त्याच्या समोर उभा राहून साक्ष दिली. त्याने एकदा वर बघितलं, बस.

महिनाभरात मी मुंबईला परत आलो आणि साकीनाक्याचा तो गाळा शोधला. लोकांना वाटतं मला बंदुकांची आवड होती. जया, मी आपोआप उडणारी बंदूक शोधत होतो. प्रत्येक बंदूक ठोकून बघायचो. काहींचा घोडा पडायचा. त्या दिवशी मला झोप लागायची. वाटायचं, बघ, होतं असं. मागच्या बाजूला रेतीच्या पिंपात गोळ्या झाडून आम्ही बंदुका तपासायचो. कानाला बोळे घालायला शेठ सांगायचा, मी घालत नव्हतो. त्यात माझे कान गेले. बरं झालं वाटलं होतं, आता तरी तो आवाज जाईल. बाकी सगळे गेले, तो राहिला. "कोण रं? कुणी मारली?" दारात उभा राहून विचारतो. मी तेच उत्तर देतो.

तू विचारलं होतंस, स्वस्तातली बंदूक आपोआप उडते का. एखादी उडते. अनंताची उडाली नव्हती. ती स्वस्तातली होती आणि चांगली होती. ऑगस्टमध्ये मी तुला उलट लिहिलं, तेही खोटंच.

हे पत्र वहिनीला दाखवायचं की नाही, पोलिसांकडे न्यायचं की नाही, ते तू ठरव. मी काही मागत नाही.

दादू

---

खडकवस्ती
२४ नोव्हेंबर २०२४

तुम्हाला काय म्हणायचं ते ठरत नाही, म्हणून वर मायना लिहिलेला नाही.

पत्र मी अकरा दिवस अंगणवाडीच्या कपाटात, पोषण आहाराच्या रजिस्टरखाली ठेवलं. आईने माझ्याकडे बघून ओळखलं. म्हणाली, "मुंबईवरनं काय आलंय? कोण मेलं?" मग वाचून दाखवलं.

ती शेंगा फोडत होती. तुम्ही बार काढलात इथपर्यंत फोडत राहिली. मी थांबले तर म्हणाली, वाच. "कोण रं" आलं तसे तिचे हात थांबले. म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. "परत." तीनदा वाचायला लावलं.

मग म्हणाली, "म्हंजी त्यो लगीच न्हाई गेला."

एवढंच. तीस वर्षं तिने ते एकच धरून ठेवलं होतं, की त्यांना काही कळलं नाही. तुम्ही ओढ्याकडे निघालात तेव्हा ती घरी भाकरी थापत होती. तिथून ओढा दिसतो. तेवढंच ती चार दिवस बोलत होती. "मी हितं हुते. हाक मारली असती तर आले असते."

तुमच्यावर ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी ओरडले, एकटीच, रानात जाऊन.

मला वाटलं होतं खरं कळलं की काहीतरी जागेवर बसेल. उलट सगळंच हललंय. बाबा दारुडे नव्हते याचा आनंद मानू, की ते पाणी मागत गेले याचं दुःख करू? तुम्ही माझ्या प्रत्येक वाढदिवसाला मनीऑर्डर करायचात. दहावीला मला घड्याळ पाठवलंत. ते सगळं आता मी परत बघते आणि मला कळत नाही की ते कुणाला पाठवत होतात.

काल आई म्हणाली, लिही त्याला. तिचे शब्द जसेच्या तसे:

"म्हणावं, हिकडं ये. आदी नलिनीच्या दारात जा. मग माझ्या. मग वड्यावर जाऊन ज्याला खोटं सांगितलंस त्याला खरं सांग. कागदावर न्हाई. तोंडानं."

जया

---

घाटकोपर
५ डिसेंबर २०२४

चि. जया,

वहिनीला सांग, चौदा तारखेला सकाळी येतो.

रोशनीला सगळं सांगितलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मुलुंडला लॅबमध्ये जायची, यायची, ताट वाढायची. तिसऱ्या दिवशी रजेचा अर्ज टाकून आली आणि एसटीची दोन तिकिटं माझ्यासमोर ठेवली.

पोलिसांना लिहून द्यायची माझी तयारी आहे. नलिनीवहिनी म्हणतील तसं.

दादू

---

खडकवस्ती
२ फेब्रुवारी २०२५

दादूकाका,

तुम्ही गेलात त्याला दीड महिना झाला. रोशनी लिहिते की तुम्ही रोज विचारता, नलिनीकाकू दारात काय म्हणाल्या. तुम्हाला त्यांचे ओठ हललेले दिसले, शब्द कळले नाहीत. रोशनीला ते सांगवत नाही, तिने माझ्यावर टाकलंय. तर ऐका.

तुम्ही हात जोडून उभे होतात आणि सांगत होतात. तुम्हाला वाटत होतं हळू बोलताय. काका, तुम्ही ओरडत होतात. गव्हाला पाणी देणारे थांबले, वरच्या आळीची माणसं कठड्याशी येऊन उभी राहिली. "मी मारला. बंदूक पडली न्हवती. अनंताची बंदूक नीट हुती." हे सगळ्या वस्तीने ऐकलं.

नलिनीकाकू म्हणाल्या, "ज्याला हे ऐकायचं हुतं त्यो गेला पंधरा वर्सांमागं. मला सांगून काय करू?" आणि दार लावून घेतलं. बस एवढंच. तुम्ही त्यानंतर अर्धा तास तसेच उभे राहिलात.

पोलिसांचं मी त्यांना नंतर विचारलं. म्हणाल्या, "गावानं ऐकलं. मला तेवढं पुरं. कोरटात आता मी न्हाई जायची." तुमचं तोंड त्यांना परत बघायचं नाही. तेही सांगायला सांगितलंय.

पण गेल्या आठवड्यात आई काठी टेकत त्यांच्याकडे गेली. तीस वर्षांनी. दोघी ओट्यावर बसल्या होत्या, मी लांबून बघितलं. एकीने लसूण सोलायला घेतला होता, दुसरीने त्यातला थोडा आपल्या पुढ्यात ओढून घेतला.

आईने तुम्हाला पाणी दिलं आणि जेवायला बस म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. एसटीत तुम्ही उपाशी बसलात हे मला माहीत होतं. ओढ्यावर तुम्ही काय बोललात ते मी ऐकलं नाही. आईने मला वर थांबवलं होतं. ती तुमच्यासोबत उतरली.

आता बंदुकीचं सांगते. पहिलं पत्र त्यासाठीच होतं.

दुकानदाराने एकनळी माझ्यासाठी राखून ठेवली होती. वनखात्याची परवानगीही आली. आई म्हणाली, "बंदुकीचा दोष न्हवता तर मग घे." स्वतःहून म्हणाली. आणि नेमकं तेव्हाच मला घ्यायची भीती वाटायला लागली. बंदूक आपोआप उडते असं वाटत होतं तोवर सोपं होतं. चांगली बघून घेतली की झालं. तुमच्या पत्रानंतर मला कळलं की बंदूक तपासून भागत नाही.

म्हणून दुकानात जायच्या आधी मी काठी घेतली. आईची जुनी काठी, साधारण बंदुकीएवढी. शाळूच्या रानात माळा बांधलाय, त्यावर तीन दिवस दिवेलागणीआधी जाऊन बसले. काठी खांद्याला लावली, बोट चाप असतो तिथे ठेवलं. ठरवलं होतं, डुक्कर आहे अशी खात्री झाली तरच बोट ओढायचं. खात्री नसेल तर नाही. माझं मला बघायचं होतं.

पहिल्या दिवशी दोनदा हललं, मी बोट हलवलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला बरं वाटलं. वाटलं, मी तुमच्यासारखी नाही.

तिसऱ्या दिवशी उजेड होता अजून. शाळू पुरुषभर उंच झालाय. मधल्या सरीत ताटं हलायला लागली, खालून, बुडाशी. मातकट पाठ दिसली. फुसफुस ऐकू आली. गेल्या वर्षी आईवर आलं होतं तसंच, ठेंगणं, जड, थांबत थांबत येणारं. माझी पूर्ण खात्री झाली, काका. शंका म्हणून उरली नव्हती. मी श्वास धरला आणि बोट ओढलं.

मग ताटं बाजूला झाली आणि आई बाहेर आली. वाकून गवत कापत आली होती, पाय दुखतो म्हणून बसत उठत. धाप लागली होती तिला. भारा खाली टाकला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काय गं, अशी काय बगतीस?"

काठीच होती.

परवाना मी सोमवारी जाऊन परत करून आले. सौर कुंपणासाठी आम्ही चार घरांनी मिळून अर्ज केलाय, मंजूर होईल म्हणतात. तोवर पत्र्याचे डबे वाजवतो.

त्या दिवसाचं मी आईला काही सांगितलेलं नाही. ती अजून विचारते, त्या रात्री जेवली का नाहीस.

जया